बर्थवरच्या दिव्याचं निकेल

गेले पाच महिने माझ्या कामाच्या टेबलावर आगगाडीच्या जुन्या डब्यातले सहा दिवे आहेत. चार बर्थच्या उशाशी बसवलेले वाचायचे दिवे, आणि दोन छताचे. डबा मोडीत निघाला, लाकूड एकीकडे गेलं, लोखंड दुसरीकडे गेलं आणि हे दिवे एका पोत्यात घालून माझ्याकडे आले. पोतं उचललं तेव्हाच कळलं की आत पितळ आहे. नुसत्या पत्र्याचे सहा दिवे हाताला असे ओढत नाहीत.

बाहेरून मात्र पितळेचा मागमूस नव्हता. सगळ्यांवर मलई रंगाचा जाड ऑइलपेंट, स्क्रूच्या खाचा रंगानं बुजलेल्या, झडपा जागीच चिकटलेल्या. रंग देणाऱ्यावर मी रागावत नाही. त्याला डबा रुळावर परत पाठवायचा होता आणि दर काही वर्षांनी आतून एक हात मारणं हे त्याचं काम होतं. पण त्या रंगाखाली काय आहे हे बघितल्याशिवाय मी ब्रशही हातात घेत नाही. दिव्याच्या मागच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून एक रुपयाएवढा गोल घासायचा, मध्यभागी खोल आणि कडेला उथळ. मग झाडाच्या खोडातल्या वलयांसारखे थर दिसतात. माझ्या दिव्यांवर मलई, मलईखाली करडा, त्याखाली तपकिरी, आणि तपकिरीच्या खाली किंचित पिवळसर झाक असलेलं चंदेरी निकेल होतं. निकेलच्या आत पितळ.

ती पिवळसर झाक फार महत्त्वाची. क्रोम निळसर चमकतं, निकेल उबदार दिसतं. क्रोमचा मुलामा १९२० च्या दशकाच्या मध्यानंतर बाजारात रुळला. त्यामुळे सगळ्यात खालच्या थरात निकेल असेल आणि क्रोमचा पत्ता नसेल, तर दिवा बहुधा त्याआधीचा किंवा त्याच सुमाराचा. एवढ्यावर मी तारीख ठोकून देत नाही, पण अंदाज बांधायला हा धागा चांगला आहे.

जुन्या रंगात शिसं असतं. हे मी प्रत्येक वेळी लिहिते आणि लिहीत राहीन. कोरडा घासू नका, ग्राइंडर लावू नका, ब्लो टॉर्चनं जाळू नका. शिशाची धूळ आणि धूर शरीरात जातो आणि लहान मुलांना त्याचा सगळ्यात जास्त त्रास होतो. मी एक जुनं पातेलं फक्त याच कामाला ठेवलंय, त्यात दुसरं काही कधीही शिजणार नाही. त्यात गरम पाणी आणि धुण्याचा सोडा घालून दिव्याचे सुटे भाग काही तास ठेवते. रंग सायीसारखा सुटतो आणि ओल्या कापडानं पुसून निघतो. हे फक्त पितळ, कांस्य आणि लोखंडासाठी. ॲल्युमिनियम किंवा जस्ताचा भाग सोड्यात गेला तर सोडा तो धातूच खातो. म्हणून आधी प्रत्येक तुकड्याला चुंबक लावायचं, मग एक बारीक ओरखडा मारून आतला रंग बघायचा, आणि खात्री झाल्यावरच पातेल्यात टाकायचा.

पण सोड्याच्या आधी दिवा उघडायला हवा आणि खरा वेळ तिथं जातो.

एक नंबरच्या दिव्याला मागे तीन स्क्रू होते, एका खाचेचे. खाचेतला रंग मी दाभणानं उकरून काढला. प्रत्येक स्क्रूच्या बुडाशी पातळ तेलाचे दोन थेंब सोडले आणि रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी दोन सुटले. तिसरा हललाच नाही. बाबा विजेच्या मोटारी रिवाइंड करायचे, त्यांचं म्हणणं असायचं की अडलेल्या स्क्रूला आधी थोडं घट्ट करून बघ, मग सैल कर. मी मोठ्या सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यावर मिनिटभर धरलं, गार होऊ दिलं, पुन्हा तेल सोडलं. असं चार वेळा केल्यावर खाचेत बरोबर बसेल असा स्क्रू ड्रायव्हर लावून उजवीकडे किंचित दाबलं. ‘टक्’ असा बारीक आवाज झाला. तो आवाज ऐकला की पुढचं सोपं असतं. खाचेपेक्षा अरुंद पातं लावलं असतं तर डोकं सोलून निघालं असतं आणि ड्रिल मारण्याशिवाय काही उरलं नसतं. मी दोन स्क्रू ड्रायव्हर कानस मारून फक्त या खाचांच्या मापाचे करून घेतलेत.

मागचं झाकण निघालं आणि आतल्या बाजूला ठोकलेला चार आकडी क्रमांक दिसला. ठसे सरळ रेषेत नव्हते, दुसरा आकडा थोडा कलला होता. कुणीतरी हातात हातोडी आणि पोलादी ठसे घेऊन एकेक आकडा ठोकला होता. बाकीच्या तिन्ही दिव्यांच्या मागेही तोच क्रमांक निघाला. म्हणजे चारही दिवे एकाच डब्याचे, एकत्र बसवलेले, आणि इतकी वर्षं एकत्र राहिलेले.

दोन नंबरच्या दिव्याचं दुःख इथंच सांगून टाकते. त्याचं निकेल बरंच उडालं होतं, म्हणून मी तो मुलामा देणाऱ्याकडे दिला. निकेल पुन्हा चढवायचं तर आधी जुनं उतरवायला लागतं आणि खालचं पितळ बफवर, म्हणजे चकाकी आणणाऱ्या फिरत्या कापडी चाकावर, गुळगुळीत करायला लागतं. मी क्रमांकाबद्दल तोंडी सांगितलं होतं. दिवा परत आला तो आरशासारखा चमकत. झाकण उलटं करून पाहिलं तर क्रमांक गेला होता. बफच्या चाकानं आकडे खाल्ले होते आणि झडपेच्या कडेची धारही गोल करून टाकली होती. काम करणाऱ्यानं मनापासून मेहनत घेतली होती, त्याच्या हिशेबी चकाकी म्हणजे चांगलं काम. चूक माझी की त्याची, यावर मी बराच विचार केला. आता मी ठशावर चिकटपट्टी लावते, त्याचा जवळून फोटो काढते आणि कागदावर लिहून देते: इथं बफ लावायचा नाही. शिवाय चकचकीत निकेल मागतच नाही. जुनं निकेल मंद असायचं आणि त्याला हातानं पॉलिश करून तेज आणायचे. रसायनं घालून थेट आरशासारखं उतरणारं निकेल नंतर आलं. तेव्हा साधं, मंद निकेल चढवून द्या म्हणायचं आणि चमक घरी, कापडानं आणायची.

एक नंबरच्या दिव्यावर मात्र मी निकेल चढवलं नाही आणि चढवणारही नाही. याचं कारण त्याची झडप.

हा दिवा म्हणजे मुठीत मावेल एवढी पितळेची वाटी, आणि तिच्या तोंडावर फिरणारी अर्धगोल झडप. बारीक घुंडी धरून झडप फिरवली की उजेडाची फट लहान-मोठी होते. समोरच्या बर्थवर झोपलेल्या माणसाच्या डोळ्यांवर उजेड पडू नये आणि आपल्याला पुस्तकाचं पान दिसावं, एवढंच त्याचं काम. रंग निघाल्यावर पाहिलं तर सगळ्या झडपेवर निकेल जवळजवळ शाबूत, आणि घुंडीच्या डाव्या अंगाला एक लांबट पिवळा डाग. तिथं निकेल पूर्ण झिजून पितळ उघडं पडलंय. निकेलचा थर साधारण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा असतो. तो बोटांनी झिजायला किती माणसांनी किती रात्री ही झडप ढकलली असेल? डागाची रुंदी अंगठ्याएवढी आहे. माणसं घुंडी धरत नव्हती, झोपल्या झोपल्या अंगठ्यानं झडपच सरकवत होती, हे त्या डागावरून कळतं. त्यावर नवं निकेल चढवलं की हे सगळं पुसलं जाणार. मी तो डाग फक्त साबणाच्या पाण्यानं धुतला, कोरडा केला, आणि मऊ मेणाचा एक हात दिला.

छताच्या दोन दिव्यांची गोष्ट वेगळी, कारण त्यातला एक मुळात विजेचा नाहीच.

त्याच्या पांढऱ्या एनॅमलच्या परावर्तकाला वर मध्यभागी मोठं भोक होतं आणि त्यावर पितळेची चकती झाळून बसवलेली. इतक्या लहान बल्बला एवढं धुराडं कशाला? मग बाजूच्या नळीकडे लक्ष गेलं. ती पोकळ होती, तिच्यातून वायर आणली होती, आणि तिच्या मधोमध फिरकीच्या चावीची जागा झाळून बंद केली होती. हा गॅसचा दिवा होता आणि नंतर कुणीतरी तो विजेवर आणला. गॅसच्या नळीतूनच वायर ओढायची ही रीत तेव्हा चांगली रुळलेली होती.

बर्लिनच्या ज्युलिअस पिंट्श यांनी एकोणिसाव्या शतकात खनिज तेलापासून गॅस करून तो दाबाखाली साठवण्याची पद्धत काढली आणि पुढे जगभरच्या रेल्वेंनी ती उचलली. डब्याच्या खाली लांबट टाक्या, तिथून नळ्या वर छतापर्यंत, आणि प्रत्येक दिव्याला एक ज्योत. त्याआधीच्या तेलाच्या दिव्यांपेक्षा हा उजेड कितीतरी चांगला. कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी काढलेल्या, ज्योतीवर बसवायच्या जाळीमुळे तो आणखी पांढरा झाला. पण लाकडी डबे आणि त्यांच्याखाली भरलेल्या गॅसच्या टाक्या! ब्रिटनमध्ये १९१० साली हॉज जंक्शनला, १९१३ साली एज गिलला, आणि २२ मे १९१५ रोजी क्विंटिनशिलला, अशा तिन्ही अपघातांत धडकेनंतर गॅसनं आग भडकली. क्विंटिनशिलला सैनिकांनी भरलेली गाडी होती आणि दोनशेहून जास्त माणसं गेली. ती झाळलेली चकती हातात घेतली तेव्हा मला हेच आठवलं. ज्यानं ही चावीची जागा बंद केली त्यानं एक धोका कायमचा मिटवला होता. म्हणून मी ते झाळकाम जसंच्या तसं ठेवलं. खडबडीत आहे, झाळ ओघळलीय, पण तोही या दिव्याच्या आयुष्याचा भाग आहे.

एक सावधगिरी. गॅसच्या जुन्या दिव्यात जाळीचे पांढरे कण सापडले तर फुंकर मारू नका. त्या जाळीत थोरियम असायचं आणि ते किरणोत्सारी असतं, थोडं का होईना. ओल्या कागदानं टिपून घ्या. होल्डरजवळ वायरीवर पांढरं, तंतूंचं आवरण किंवा पुठ्ठ्यासारखी चकती दिसली तर ते ॲस्बेस्टॉस, म्हणजे फुफ्फुसांना घातक तंतूंचं खनिज, असू शकतं. ते मी स्वतः काढत नाही. ओलं करून पिशवीत बंद करते आणि त्या कामाच्या जाणकाराकडे देते.

विजेकडे वळताना मला सगळ्यात जास्त आवडते ती आसाला जोडलेल्या डायनामोची युक्ती. १८८१ साली लंडन ते ब्रायटन मार्गावर पुलमन कंपनीच्या एका डब्यात बॅटरीवर विजेचे दिवे लागले, पण नुसती बॅटरी किती पुरणार? १८९० च्या दशकात लंडनच्या डेप्टफर्डमधल्या जे. स्टोन अँड कंपनीनं चाकाच्या आसावरून पट्टा घेऊन डायनामो फिरवला. गाडीचा वेग सतत बदलतो, मग दिवे मिणमिणणार आणि जळणार नाहीत का? त्यांनी डायनामो असा टांगला की पट्ट्यावर ठराविकच ताण येई. वेग जास्त झाला की पट्टा घसरे आणि डायनामो एका मर्यादेपुढे जोर घेत नसे. गाडी उभी राहिली की बॅटरी दिवे सांभाळी. नुसत्या घसरणाऱ्या पट्ट्यानं हे नियंत्रण साधलं, हे मला अजूनही विलक्षण वाटतं.

म्हणूनच डब्यातल्या दिव्यांचे व्होल्ट घरच्यापेक्षा वेगळे. शिशाच्या बॅटरीचा एक सेल दोन व्होल्टचा. बारा सेल म्हणजे २४, सोळा सेल म्हणजे ३२. ब्रिटिश पद्धतीच्या डब्यांत २४ व्होल्ट सर्रास, अमेरिकेत ३२, आणि भारतीय डब्यांत आधी २४, पुढे ११० व्होल्ट डीसी आलं. अमेरिकी दिव्यांचा होल्डर घरच्या बल्बसारखाच आट्यांचा असतो, त्यामुळे घरचा बल्ब त्यात बिनबोभाट बसतो आणि लोक थेट घरची वीज जोडून मोकळे होतात. असं करू नका. २४ व्होल्टसाठी केलेल्या दिव्यात धातूच्या अंगापासून तार किती अंतरावर हवी याचा विचार घरच्या विजेच्या हिशेबानं केलेला नसतो, अर्थिंगला जागाही नसते. जुन्या वायरीचं रबर बोटानं दाबलं तरी भुगा होतं.

मी माझे सगळे दिवे २४ व्होल्टवरच ठेवलेत. बाहेर एक पॉवर सप्लाय, तिथून २४ व्होल्ट डीसी, आणि दिव्यात कापडी वेष्टनाची पण आतून नवी वायर. चिनीमातीचे होल्डर मूळचेच, फक्त त्यांच्या पितळी जिभा घासून पुन्हा ताठ केल्या. बल्ब २४ व्होल्टचा, पिवळसर उजेडाचा, दोन-तीन वॉटचा एलईडी. तो तापत नाही, त्यामुळे वाटीचं मेण आणि दुधी काच दोन्ही सुखी. ज्यांना घरच्या विजेवरच लावायचाय त्यांनी इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावं आणि धातूच्या प्रत्येक भागाला अर्थिंग द्यायला सांगावं, बिजागरीवर फिरणाऱ्या झाकणाला सुद्धा वेगळी तार. बिजागरीतून अर्थिंग पोचेल यावर भरवसा ठेवू नये.

तीन नंबरचा दिवा बिनतक्रार झाला. धुतला, वायर बदलली, लागला.

चार नंबरनं रडवलं. रंग निघाला आणि वाटीच्या कडेपासून आत जाणाऱ्या तीन केसासारख्या चिरा दिसल्या. ठोका बसल्याची खूण नाही, पोचा नाही. पितळेचा पत्रा फिरवत दाबून अशी वाटी घडवतात तेव्हा धातूत ताण कोंडून राहतो. त्याला दमट हवा आणि अमोनिया मिळाला की पितळ कुणीही हात न लावता तडकतं. ब्रिटिश फौजेनं भारतात हे फार पूर्वी अनुभवलं. पावसाळ्यात काडतुसांच्या पितळी नळ्या तडकायच्या, आणि दोषी होता तबेल्यातल्या घोड्यांच्या मुतातला अमोनिया. म्हणून अमोनिया असलेलं कुठलंही पितळ-पॉलिश मी या वाट्यांना लावत नाही. जोरदार आंबटही नाही, कारण त्यानं पितळेतलं जस्त आधी निघून जातं आणि वर तांब्याची गुलाबी छटा उरते. ती घासून काढावी तर पुन्हा धातूच जातो. हिरवा कळंक असेल तर लाकडाच्या काडीनं आणि तेलानं, सावकाश.

चिरांच्या टोकाला मी एक मिलिमीटरची भोकं पाडली, म्हणजे चीर पुढे सरकत नाही. मग आतल्या बाजूनं साधी झाळ दिली, बाहेर थेंबही येऊ दिला नाही. पितळी कांडीनं जोडलं असतं तर जोड जास्त पक्का झाला असता, पण त्या उष्णतेनं बाहेरचं निकेल काळं पडलं असतं. भिंतीवर शांत लटकणाऱ्या दिव्याला साधी झाळ पुरते. रुळावर पुन्हा जायचं असतं तर मी वेगळा विचार केला असता.

आगगाडीचा दिवा घरच्या दिव्यापासून वेगळा ओळखायचा तर त्याची थरथर सोसायची तयारी बघावी. प्रत्येक स्क्रूखाली स्प्रिंगचा वॉशर. काचेखाली नमद्याची पट्टी. छताच्या दिव्याच्या काचेला बिजागरी आणि कुलपासारखा खटका, जो फक्त गार्डाच्या चौकोनी चावीनं उघडतो. शिवाय खटका सुटलाच तर काच प्रवाशाच्या डोक्यात पडू नये म्हणून बारीक साखळी. हे सगळं मी परत जसंच्या तसं बसवलं, स्प्रिंगच्या वॉशरसकट. नमदा मात्र नवा घातला, जुना हाताला लागताच विरला.

काल रात्री पहिल्यांदा एक, दोन आणि तीन शेजारी शेजारी लावून पेटवले. दोन नंबर लांबूनही ओळखू येतो. त्याची कड गोल आहे आणि तो इतरांपेक्षा पांढरा चमकतो. त्याला वेगळा काढायचं मनात आलं होतं. पण चौघं एकाच डब्यातले आहेत, तेव्हा एकाच फळीवर लागतील, पूर्वीच्याच क्रमानं. दोन नंबरच्या झाकणाच्या आत मी कागदाची पट्टी चिकटवलीय, त्यावर गेलेला क्रमांक आणि तो कसा गेला हे लिहिलंय.

चार नंबर अजून पेटलेला नाही, कारण त्याची काच नाही. कुणाकडे असली तर कळवा: गोल चपटी दुधी काच, व्यास ६२ मिलिमीटर, जाडी तीन, कडेला एकच अर्धगोल खाच. कडेला टवका असला तरी चालेल, तो कड्याखाली झाकला जातो. प्लास्टिक नको.